टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर: असेंबल करावा की रेडीमेड घ्यावा? (गावाकडच्या घरासाठी)

टीव्हीखाली ठेवून सिनेमे, जुने व्हिडिओ, यूट्यूब आणि गाणी चालवायच्या कॉम्प्युटरला दुकानात 'एचटीपीसी' (होम थिएटर पीसी) म्हणतात. त्याबद्दलचे बहुतेक सल्ले एसीची खोली, स्थिर वीज आणि हाकेच्या अंतरावर सर्व्हिस सेंटर आहे असे धरून दिलेले असतात. दारव्हा, मूर्तिजापूर, हिंगणघाट किंवा गोंडपिपरीच्या बाजूच्या खेड्यात यातले एकही नसते. तिथे आधी विचारायचे ते हे: व्होल्टेज किती येते, मे महिन्यात खोली किती तापते, घरातले स्पीकर कोणत्या वायरीवर चालतात आणि मशीन बंद पडली तर ती कोण उघडणार. प्रोसेसरचे नाव त्यानंतर.

१. कॉम्प्युटर लागतोच का, ते आधी ठरवा

घरात फक्त ओटीटी आणि यूट्यूब बघत असाल तर कॉम्प्युटर घेऊ नका. नामांकित कंपनीची टीव्ही स्टिक किंवा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो, रिमोटवर चालतो आणि चित्रही बरेचदा जास्त चांगले देतो. याचे कारण कॉपीविरोधी कुलूप. प्रमाणित बॉक्सला ओटीटी कंपन्या पूर्ण दर्जाचे चित्र देतात, कॉम्प्युटरच्या ब्राउझरला हात आखडून देतात. विंडोजवर नेटफ्लिक्स ४के मध्ये हवे असेल तर एज ब्राउझर किंवा त्यांचे स्वतःचे ॲप लागते, शिवाय टीव्ही आणि पोर्ट एचडीसीपी २.२ (याच कुलपाचा एक प्रकार) चालवणारे हवेत. लिनक्सवर तर दर्जा आणखी उतरतो.

डेटाचाही हिशोब करा. नेटफ्लिक्सच्याच आकड्यांनुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या २ जीबीच्या मोबाइल पॅकवर ४के चा विचारच सोडा. ४के साठी किमान १५ एमबीपीएसचा स्थिर वेग लागतो, म्हणजे गावात फायबर आलेले असले पाहिजे.

कॉम्प्युटर कोणाला लागतो? ज्यांच्याकडे लग्नाच्या डीव्हीडी, कीर्तनांची रेकॉर्डिंग, हार्ड डिस्क भरून सिनेमे आहेत. ज्यांना त्याच टीव्हीवर मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, थोडे टायपिंगही करायचे आहे. किंवा ज्यांचा जुना ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) होम थिएटर अजून दणदणीत वाजतो. पुढचे सगळे त्यांच्यासाठी.

२. दुकानात जाण्याआधी घरी हे लिहून घ्या

- टीव्हीचा मॉडेल नंबर आणि कोणत्या एचडीएमआय पोर्टवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारी सोय) लिहिले आहे ते.
- ॲम्प्लिफायर किंवा साउंडबारच्या मागच्या बाजूचा फोटो. सगळे पोर्ट स्पष्ट दिसले पाहिजेत.
- संध्याकाळी ७ ते ९ मधले व्होल्टेज, तीन-चार दिवसांचे. साधे मल्टिमीटर पुरते. कृषी पंप चालू असतानाचे आणि बंद असतानाचे वेगळे लिहा.
- शोकेसच्या कप्प्याची लांबी, रुंदी, खोली, आणि मागून तो उघडा आहे की बंद.
- फाइल्स एकूण किती जीबी किंवा टीबी आहेत.

३. वीज: मशीन इथेच मरते

गावठाण फीडर वेगळा असेल तर व्होल्टेज बऱ्यापैकी टिकते. नसेल तर पंप सुरू झाले की १७० च्या खाली जाते आणि पंप एकदम बंद झाले की उसळते. पण सगळ्यात वाईट म्हणजे खांबावर किंवा डीपीवर न्यूट्रल तुटणे. तेव्हा वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी जोडल्यासारखी होतात आणि २३० च्या जागी ४०० च्या जवळ व्होल्टेज घरात शिरू शकते. एका रात्रीत आळीतले टीव्ही, फ्रिज, चार्जर जळतात ते यामुळेच. साध्या एक्सटेन्शन बोर्डाने हे थांबत नाही. वायरमनकडून मेन स्विचनंतर 'ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर' बसवून घ्या. तो मर्यादेबाहेर व्होल्टेज गेले की लाइन तोडतो आणि ठीक झाल्यावर काही वेळाने जोडतो. कॉम्प्युटर कोणताही घ्या, हा खर्च आधी करा.

आता दोन्ही पर्यायांतला फरक. मिनी पीसीचा, म्हणजे रेडीमेड मिळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा, ॲडॉप्टर बहुतेक वेळा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणून १५० व्होल्टलाही मशीन कुरकुरत नाही. सुटे भाग जोडून केलेल्या असेंबल पीसीत मात्र एसएमपीएसवर (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) सगळे अवलंबून असते. काही स्वस्त एसएमपीएस फक्त २०० ते २४० साठी असतात. व्होल्टेज पडले की मशीन आपोआप रिस्टार्ट होते आणि घरचे म्हणतात 'व्हायरस आला'. स्टिकरवर १००-२४० लिहिलेला, ८० प्लस ब्रॉन्झ (कमी वीज वाया घालवण्याचे प्रमाणपत्र) दर्जाचा, ४५० वॉटचा एसएमपीएस मागा. कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळणारा एसएमपीएस दुकानातच सोडून या.

इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का बघा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएस कधी कधी अडतात. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल (काहींवर इको) असा स्विच असतो. नॉर्मलवर लाइट गेल्यावर बदल व्हायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएस मोडवर तो टिकतो, पण या मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाइन स्वीकारत नाही. म्हणजे संध्याकाळी १७० असेल तर लाइन असूनही घर बॅटरीवर चालते आणि खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरी संपलेली असते. अशा गावात इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा आणि कॉम्प्युटरला ६०० व्हीएचा छोटा लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमी-जास्त व्होल्टेज सावरून घेणारा) यूपीएस वेगळा द्या. तो घेण्याआधी त्याची इनपुट रेंज बघा. १४० पासून चालणारे मिळतात.

वीज वाचवायची म्हटली तर मिनी पीसीच पुढे. सिनेमा चालू असताना तो १० ते २० वॉट घेतो. बॅटरीवर पंखा आणि टीव्ही चालत असताना हा फरक कळतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा स्पीकरमधून सतत घरघर आली तर आधी अर्थिंग तपासा. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर थोडा करंट बसतो. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टच्या आत यायला हवे. २० दाखवत असेल तर वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरवाल्याला नको.

मृगाच्या आधीच्या कडकडाटात सगळेजण प्लग काढतात, पण डिशची वायर लागलेलीच राहते. वीज कोसळली की छतावरच्या डिशमधून सेट-टॉप बॉक्स, तिथून एचडीएमआयने टीव्ही आणि टीव्हीतून कॉम्प्युटरचा पोर्ट असा तिचा प्रवास होतो. डिशची वायर आणि राउटरची लॅन वायर, दोन्ही काढा.

४. ऊन आणि धूळ

बऱ्याच मिनी पीसींच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान ० ते ३५ किंवा ४० अंश लिहिलेले असते. चंद्रपूर, वर्धा, अकोल्यात मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जाते. टिनाच्या छपराखाली दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. मशीन लगेच जळत नाही. प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, चित्र अडखळते, पंखा किंचाळतो. बंद शोकेसमध्ये ठेवलात तर हे मार्चपासूनच सुरू होते.

बिनपंख्याचा मिनी पीसी शांत असतो म्हणून मोह होतो. स्लॅबच्या घरात, उघड्या टेबलावर तो चालून जाईल. टिनाखाली घेऊ नका. असेंबल पीसी इथे वरचढ ठरतो: मोठी कॅबिनेट, पुढे जाळी, हळू फिरणारे १२० मिमीचे दोन पंखे, आणि पंखा खराब झाला तर तालुक्याच्या गावी मिळणारा सुटा भाग. मिनी पीसीचा बारीक पंखा गेला तर तसाच पंखा शोधण्यात महिना जातो.

धुळीचा मुद्दा कापूस आणि तुरीच्या हंगामात मोठा होतो. घरातच कापसाची थप्पी असेल तर बारीक तंतू हीटसिंकमध्ये (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पट्ट्यांत) नमद्यासारखे बसतात. कॅबिनेटच्या जाळीवर धुता येणारा फिल्टर हवाच. कूलरची ओली हवा थेट मशीनवर येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्याचे क्षार पोर्टवर पांढरे होऊन बसतात. मागची रिकामी भोकेही झाकून घ्या. पाल आत शिरून बोर्डावर मरते तेव्हा दोन ठिकाणे शॉर्ट होतात, आणि वॉरंटीत ते धरत नाहीत.

५. आवाज: निर्णय बऱ्याचदा इथे फिरतो

तुमच्याकडे साउंडबार असेल तर गोष्ट सोपी. कॉम्प्युटर टीव्हीला, टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून साउंडबारला. एवढेच लक्षात ठेवा की साध्या एआरसीमधून ५.१ आवाज फक्त डॉल्बी डिजिटलसारख्या दाबलेल्या स्वरूपात जातो. म्हणून कोडीमध्ये (सिनेमे चालवायचे ॲप) किंवा तुमच्या प्लेअरमध्ये 'पासथ्रू' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणे) चालू करावे लागते, नाहीतर सगळे स्टीरिओच वाजते. विंडोज फक्त 'स्टीरिओ' दाखवत असेल तर मशीन खराब नाही. टीव्हीच तसे कळवत असतो.

पण गावोगावी घरात जे असते ते वेगळे: मागे लाल-पांढरे सहा आरसीए सॉकेट असलेला ५.१ ॲम्प्लिफायर, शहरातून बनवून आणलेला. त्याला सहा वेगळे आवाज द्यावे लागतात. मिनी पीसीला बहुतेक वेळा एकच हेडफोनचा जॅक असतो, त्यातून दोनच निघतात. असेंबल पीसीच्या मदरबोर्डला मागे तीन जॅक असतात आणि तेच सहा आवाज देतात:

- हिरवा: पुढचे दोन स्पीकर.
- निळा: मागचे दोन.
- गुलाबी: सेंटर आणि वूफर.

३.५ मिमी ते दोन आरसीए अशा तीन केबल लागतात. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ५.१ निवडून एकेका स्पीकरची चाचणी घ्या. माणसांचे बोलणे वूफरमधून घुमायला लागले तर गुलाबी जॅकच्या केबलची लाल आणि पांढरी टोके अदलाबदल करा.

मिनी पीसीच घ्यायचा असेल तर बाहेरून जोडायचे यूएसबी ५.१ साउंड कार्ड मिळते. इथे फसवणूक ठरलेली: '७.१' लिहिलेला, एकच हेडफोन आणि एकच माइकचा जॅक असलेला बोटभर डोंगल. तो आकडा नुसता नावाला. स्पीकरसाठी तीन वेगळे जॅक डोळ्यांनी मोजा, मगच पैसे द्या.

६. रेडीमेड घेताना

साध्या वापराला इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी पुरतो. २०२३ च्या सुरुवातीला आलेली ही चिप ६ वॉटची आहे आणि एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे तिन्ही प्रकारचे व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडते. सिनेमा बघायला हेच लागते, मोठा प्रोसेसर नाही. ८ जीबी रॅम चालते, १६ असेल तर मुलांच्या अभ्यासालाही निवांत.

तपासा:

- एचडीएमआय २.० किंवा पुढचा पोर्ट. १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झलाच (सेकंदाला ३० वेळा) येते आणि माउसही झटके देत चालतो.
- रॅम आणि एसएसडी बदलता येतात की बोर्डावर डकवलेल्या आहेत.
- वॉरंटी कोण देतो. पेटीवरच्या कंपनीचे भारतात सर्व्हिस सेंटर आहे का? 'ऑनसाइट' म्हटले तरी तुमचा पिनकोड त्यात येतो का, हे पैसे देण्याआधी टोल-फ्री नंबरवर विचारा. नागपूरचा पिनकोड चालतो म्हणून सिरोंच्याचा चालेल असे नाही.
- विंडोज. ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'तुमच्या संस्थेच्या' सेवेने ॲक्टिव्हेट झाल्याचे लिहिलेले असेल तर ते लायसन्स घरगुती नाही. परत करा.

तिसरा रस्ताही आहे: ऑफिसांतून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे वहीएवढे डेस्कटॉप. मजबूत असतात, आतले भाग सुटे मिळतात. मात्र आठव्या पिढीच्या इंटेलखालचे घेऊ नका; विंडोज ११ अधिकृतपणे त्यांवर चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यांना बहुधा एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्ट असतो, म्हणून '४के ६० हर्ट्झ' लिहिलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. साध्या स्वस्त कन्व्हर्टरवर चित्र ३० हर्ट्झवर अडकते. आठव्या पिढीत एव्ही१ उलगडत नाही, पण यूट्यूब व्हीपी९ मध्येही मिळते, त्यामुळे फार अडत नाही.

७. असेंबल करून घेताना

यादी अशी:

- प्रोसेसर: इंटेल आय३-१२१००. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला चालणार नाही, त्यात ग्राफिक्स नसते आणि टीव्हीवर काळोख राहतो. रायझन ५ ५६००जी चांगला आहे, पण एव्ही१ उलगडत नाही.
- मदरबोर्ड: मायक्रो एटीएक्स आकाराचा. त्याहून छोटे मिनी आयटीएक्स देखणे दिसते, पण महाग पडते आणि बदली मिळायला वेळ लागतो. एच६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डांपैकी काहींवर एचडीएमआय १.४ च असतो, म्हणून कंपनीच्या पानावर '४के ६० हर्ट्झ' वाचल्याशिवाय हो म्हणू नका.
- रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या.
- एसएसडी ५०० जीबी, विंडोजसाठी. फाइल्ससाठी ३.५ इंची हार्ड डिस्क, पुढच्या पंख्याच्या समोर येईल अशी बसवा.
- डीव्हीडी बघायच्या असतील तर यूएसबी डीव्हीडी रायटर. नव्या कॅबिनेटमध्ये त्याची जागाच नसते.
- एसएमपीएस वर सांगितला तोच.
- विंडोजचे लायसन्स. याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे दिसले पाहिजेत. 'टाकून देतो ना भाऊ' म्हणजे चोरीचे, आणि ते पुढे अपडेटला अडते.

कोटेशन नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) एक आणि अमरावती, अकोला किंवा यवतमाळला एक, असे एकाच दिवशी घ्या. रॅम आणि एसएसडीचे भाव फार हलतात. मागच्या महिन्याच्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही. लायसन्स धरले की असेंबल बहुतेक वेळा मिनी पीसीपेक्षा महाग पडते. ते स्वस्त पडावे म्हणून करू नका. सहा आवाजांचा जुना ॲम्प्लिफायर, मोठ्या हार्ड डिस्क किंवा टिनाची तापलेली खोली, यातले काही असेल तर करा. यातले काहीच नसेल तर मिनी पीसी घ्या आणि मोकळे व्हा.

८. खरेदीच्या दिवशी

- पक्के जीएसटी बिल. असेंबलमध्ये प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर हवा. प्रोसेसर आणि मदरबोर्डवर बहुधा तीन वर्षांची, मिनी पीसीवर बहुधा एका वर्षाची वॉरंटी असते. 'असेंबल पीसी १ नग' एवढेच लिहिले तर ती तीन वर्षे सिद्ध करता येत नाहीत.
- हप्त्याने घेत असाल तर आधार, पॅन, पासबुक किंवा रद्द केलेला चेक.
- भागांचे सगळे खोके आणि स्टिकर. माळ्यावर टाका, पण ठेवा.
- ऑनलाइन आले तर पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ, लेबल दिसेल असा.

दुकानदार वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. व्होल्टेजने जळालेले मात्र वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

कापूस-सोयाबीनचे पैसे आले की खरेदी होते ती थंडीत, आणि मशीनची खरी परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणून परत करायची मुदत संपण्याआधी खोली बंद करून, पंखा न लावता, सलग तीन तास ४के व्हिडिओ चालवा. या वेळात अडखळली तर उन्हाळ्यात नक्की अडखळेल.

९. घरी जोडल्यावर

टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचा 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी कलर' पर्याय चालू करा. नवीन पोर्ट, नवी केबल असूनही ४के ३० हर्ट्झवर अडकण्याचे हे नेहमीचे कारण. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीत 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' शोधा.

टीव्हीचा रिमोट कॉम्प्युटर चालवणार नाही, कारण कॉम्प्युटरच्या एचडीएमआयमधून ती सोय बहुधा मिळत नाही. यूएसबी डोंगलवाला एअर माउस (हवेत हलवून चालवायचा) घ्या, आजोबांनाही दोन दिवसांत जमतो.

व्हीएलसीत मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसले तर फॉन्ट 'निर्मला यूआय' निवडा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) 'वीज परत आल्यावर' काय करायचे असा पर्याय असतो. तो 'बंद राहा' वर ठेवा. 'चालू हो' वर असेल तर लाइट दहा मिनिटांत पाच वेळा आली-गेली की मशीन पाचही वेळा चालू होऊन अर्ध्यातच बंद पडते, आणि फाइल्स खराब होण्याची वेळ नेमकी हीच. पॉवर बटणालाही 'स्लीप' ऐवजी 'हायबरनेट' द्या. स्लीपमधली मशीन लाइट गेली की उघडे काम गमावते, हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरलेले असते.

कॅबिनेटच्या जाळीचा फिल्टर तुरीचा हंगाम संपला की धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. आतली धूळ काढताना ब्लोअरची हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग जाते.